सलाईनच्या नळीचे तोंड
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, भरतकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर ऐकतो. या वर्षी चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मला एका झडपेबद्दल बोलायचे आहे, आणि ती झडप बोटाच्या दोन पेरांहून मोठी नाही. त्या हसल्या. पण आपल्या गल्लीतच गेल्या तीन वर्षांत चार घरांत हाताला नळी लावलेली माणसे राहून गेली, आणि चारही घरांत उशाशी बसलेली बाईच होती. तेव्हा विषय मंडळाचाच आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगणार आहे ते थोरल्या जाऊबाईंच्या आजारपणात पाच महिने पाहिलेले, सिस्टरांना विचारून घेतलेले आणि पुतण्याने वाचून दाखवलेले आहे. पुतण्या प्लॅस्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात कामाला आहे. कोणतीही वस्तू हातात आली की ती कशी बनवली हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने एक न वापरलेली झडप करवतीने उभी चिरून मला तिच्या पोटातला कारभार दाखवला. ती येथे टेबलावर ठेवली आहे.

पूर्वी सलाईनच्या नळीला, शिरेतल्या सुईच्या थोडे वर, एक रबरी गाठ असे. मध्येच एखादे औषध द्यायचे झाले की नर्स त्या रबरातच इंजेक्शनची सुई खुपसून औषध सोडी. आपल्यापैकी पुष्कळजणींनी बाळंतपणात ही गाठ पाहिली असेल. काही दवाखान्यांत ती अजून दिसते. युक्ती सोपी आणि स्वस्त. सुई काढली की रबर आपोआप मिटते. पण पुन्हापुन्हा टोचल्याने रबराचे बारीक कण सुटतात, ही एक खोड. दुसरी खोड मोठी आहे. ही सुई रोग्याच्या अंगात जायचीच नसते, रबरात जायची असते; तरी ती सुईच. ती नर्सच्या बोटात जाते, चादरीच्या घडीत राहते, तेथून कचऱ्यात जाते. रोग्याला जिची गरज नव्हती ती सुई बाकी सगळ्यांना टोचत राहिली.

आणि बाकी सगळे म्हणजे कोण? डॉक्टर थोडे. नर्स पुष्कळ. वॉर्डातल्या मावशी, चादरी धुणारे, कचरा उचलणाऱ्या बायका. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली हिशेब मांडला होता की जगातल्या साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी सुमारे ३० लाखांना दरवर्षी रोग्याच्या रक्ताने दूषित झालेली सुई किंवा तशीच धारदार वस्तू टोचते. अशा टोचण्यातून एड्सच्या विषाणूची लागण हजारांत तिघांना होते. पण ब प्रकारची कावीळ, लस घेतली नसेल तर, शंभरांत तिसांपर्यंत होऊ शकते. कचरा वेचणारीची तर या हिशेबात गणतीही नाही.

१९८० नंतरच्या दहा वर्षांत एड्सची साथ पसरली तेव्हा अमेरिकेत या टोचण्याची धास्ती बसली आणि कारखानदार कामाला लागले. काविळीने नर्स त्याआधीही आजारी पडतच होत्या, पण तेव्हा एवढी धावपळ झाली नव्हती. असो. कॅलिफोर्नियातले डॉक्टर जॉर्ज लोपेझ यांचा एक रोगी सलाईनची नळी जोडातून निसटल्याने दगावला होता. त्यांनी न निसटणारा जोड तयार केला आणि १९८४ साली आयसीयू मेडिकल ही कंपनी काढली. त्याच कंपनीने १९९३ साली ‘क्लेव्ह’ नावाची बिनसुईची झडप बाजारात आणली. इतर कंपन्यांनीही आपापल्या तऱ्हा काढल्या. कोणी रबराला आधीच चीर देऊन त्यातून बोथट प्लॅस्टिकची नळी घालायची सोय केली. पुढे २००० साली अमेरिकेत कायदा झाला की रुग्णालयांनी अशी सुरक्षित साधने वापरावीत आणि ती निवडताना प्रत्यक्ष रोग्याची सेवा करणाऱ्यांचे मत घ्यावे. हे दुसरे कलम मला फार आवडले. ओटा बांधताना स्वयंपाक करणारीला विचारावे, तसे ते आहे.

आता झडपेच्या पोटात काय असते ते पाहू. बाहेर प्लॅस्टिकचे कवच. आत सिलिकोनचे, म्हणजे कुकरच्या पांढऱ्या रिंगेसारख्या मऊ पदार्थाचे, एक बूच. बुचाच्या माथ्यावर बारीक चीर. आणि बुचाच्या पोटात, कवचाच्या तळापासून वर आलेली एक पोकळ दांडी. सिरिंजचे सुई नसलेले टोक वरून दाबून फिरवले की बूच खाली दबते, चीर उघडते, दांडीचे टोक वर येते आणि औषधाला वाट मिळते. सिरिंज काढली की बूच दाबून सोडलेल्या रबरी बाहुलीसारखे पुन्हा वर येते आणि चीर मिटते. सगळ्याच झडपा अशा नसतात, पण ही जात पुष्कळ चालते. कोणत्याही कंपनीची सिरिंज हिच्यावर बसते, कारण सिरिंजच्या टोकाचा निमुळतेपणा जगभर एकच ठरलेला आहे, शंभराला सहा. पॅरिसमधल्या लुअर या उपकरणे करणाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो.

“पण काकू,” पुतण्या म्हणाला, “खरी अडचण सिरिंज काढताना आहे.”

भरलेल्या घागरीत हात घातला की पाणी काठाशी येते आणि हात काढला की खाली जाते. येथेही तसेच होते. सिरिंजचे टोक झडपेत असते तेव्हा ते जागा अडवते. टोक काढले की ती जागा रिकामी होते, ती भरायला नळीतला द्रव मागे सरकतो, आणि नळीचे दुसरे टोक शिरेत असल्यामुळे तेथून थेंबभर रक्त नळीत शिरते. थेंबभर म्हणजे थेंबाहूनही कमी. पण नळीचे छिद्र केवढेसे! तेवढे रक्त टोकाशी गोठले की नळी तुंबते. जाऊबाईंची नळी दंडातून आत जाऊन थेट काळजाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचलेली होती. तिला पिक लाईन म्हणतात. ती तुंबली तर पुन्हा घालायला किती यातायात, हे ज्यांच्या घरी झाले त्यांना ठाऊक आहे.

यावर कारागिरांनी उलट चालीची झडप काढली. सिरिंज आत असताना तिच्यात एका बाजूला थोडा द्रव साठून राहतो आणि सिरिंज काढताच तो शिरेच्या दिशेने ढकलला जातो, म्हणजे रक्त मागे येत नाही. तिसरी जात मध्यम चालीची. तिच्यात द्रव मागे वा पुढे फारसा हलत नाही. हे सगळे तुम्हाला सांगायचे कारण की नळीवरचा चिमटा केव्हा बंद करायचा ते यावर ठरते. पहिल्या जातीत सिरिंज काढण्यापूर्वी चिमटा लावायचा. उलट चालीच्या जातीत सिरिंज आधी काढायची आणि मग चिमटा, नाहीतर तिची सगळी युक्ती फुकट जाते. मध्यम जातीत पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. दिसायला तिन्ही सारख्याच. म्हणून घरी नळी घेऊन येणार असाल तर आपली झडप कोणत्या जातीची आणि चिमटा केव्हा लावायचा, हे सिस्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले घरी येईपर्यंत उलटे होते.

उलट चालीची झडप म्हणजे केवढी हुशारीची वस्तू, असे मलाही वाटले. मग पुतण्याने पुढचे वाचून दाखवले.

अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी साध्या, चिरेच्या झडपा बदलून नव्या घेतल्या आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्या ध्यानात आले की नळीवाटे रक्तात जंतू जाण्याचे प्रमाण वाढले आहे. काहींनी पुन्हा जुन्या जातीच्या घेतल्या, तेव्हा ते उतरले. २०१० साली तिथल्या सरकारी औषध खात्याने उलट चालीच्या झडपा करणाऱ्या नऊ कंपन्यांना फर्मावले की तुमच्या झडपांमुळे जंतुसंसर्ग वाढतो का, याचा रीतसर अभ्यास करून दाखवा. दोष झडपेचा की ती हाताळणाऱ्यांना नीट न शिकवल्याचा, यावर पुष्कळ वाद झाला आणि सगळ्यांचे एकमत काही झाले नाही. पण संशयाच्या ज्या जागा सांगितल्या गेल्या त्या ऐकून मला वाटले, हे तर आपल्यापैकी कोणीही सांगितले असते. आत घड्या आणि कोपरे फार, तेथे रक्त आणि औषध साचते. माथा सपाट नाही, बुचाभोवती खाच राहते. काहींचे कवच अपारदर्शक, आत काय उरले ते दिसत नाही. आणि आत स्प्रिंगसारखे भाग जास्त, त्यामुळे धुण्याची धार सरळ जात नाही.

भगिनींनो, आपण रांजण घासतो तो कशासाठी? नुसते पाणी फिरवले तर आतला बुळबुळीत थर निघत नाही. नारळाची शेंडी घेऊन हात आत घालावा लागतो. जंतूही नळीच्या आत असाच बुळबुळीत थर धरतात आणि त्याच्या आड बसले की औषधालाही लवकर दाद देत नाहीत. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला बोंडल्याने दूध पाजत. बोंडले उघडे, बोट फिरवले की स्वच्छ. दुधाची बाटली आली ती सोयीची, पण तिची मान अरुंद, बूच रबरी, त्यात भोक; म्हणून आज डॉक्टरही बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा म्हणतात. बाजारात भांडे घेताना आपण आधी आत हात जातो का ते पाहतो, नक्षी मागाहून. झडपेत हात घालता येत नाही हे खरे. मग निदान तिचा माथा गुळगुळीत आणि सपाट असावा, कवच काचेसारखे स्वच्छ असावे, आतली वाट सरळ असावी, पोकळी लहान असावी आणि भाग जितके कमी तितके बरे. पुतण्या म्हणतो, हल्ली चांगल्या कंपन्या याच बेताने झडपा करतात, उलट चालीच्या झडपाही आता सुधारल्या आहेत. असतील. मी मात्र अजून आधी माथा पाहते.

जाऊबाईंच्या परवानगीने एक गोष्ट सांगते. चौथ्या महिन्यात एक दिवस नळी धुतल्यावर अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. संध्याकाळी उतरला. आम्हाला वाटले, औषधाचाच ताप असेल. आठ दिवसांनी नळी धुतली, पुन्हा तसेच. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी नळीतले आणि दुसऱ्या हाताचे असे दोन्हीकडचे रक्त तपासायला पाठवले आणि नळीतच जंतू बसले आहेत असे निघाले. नळी काढावी लागली. कर्करोगाच्या औषधाची पाळी दोन आठवडे पुढे गेली. ते दोन आठवडे घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. मग दुसऱ्या दंडातून नवी नळी. हे कशामुळे झाले ते कोणी खात्रीने सांगू शकत नाही आणि मीही कोणावर आळ घेत नाही. पण गर्दीच्या दिवशी स्पिरिटचा बोळा झडपेवर नुसता टेकवून सिरिंज लावलेली मी त्या दवाखान्यात अनेकदा पाहिली होती. नळी धुतल्यावर हुडहुडी भरली तर ती नळीची खूण असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, एवढे ध्यानात ठेवा. जाऊबाई आता बऱ्या आहेत. समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहत आहेत.

बोळ्याचे सांगायचे तर, टेकवणे आणि घासणे यांत फरक आहे. स्पिरिटने जंतू मरतात हे खरे, पण माथ्यावर चिकटलेला मळ घासल्याशिवाय सुटत नाही. सिस्टरांनी मला शिकवले ते असे: हात धुवावेत, झडपेचा माथा आणि कडा स्पिरिटच्या ताज्या बोळ्याने पंधरा आकडे मोजेपर्यंत लिंबू पिळल्यासारखे फिरवून घासावे, मग वाळू द्यावे. फुंकर घालून वाळवू नये. मी एका बाईंना तसे करताना पाहिले आहे. प्रत्येक वेळी सिरिंज लावण्याआधी हे करायचे. एकामागून एक दोन औषधे द्यायची असली तरी दोन्ही वेळा.

रुग्णालयात हे आपण नर्सना कसे सांगावे, हा नाजूक प्रश्न आहे. एका नर्सकडे वीस-वीस रोगी असतात आणि त्यातून एखादी नातेवाईक बाई शिकवायला आली तर राग येणारच. मी म्हणत असे, “सिस्टर, तुम्ही घासा, मी पंधरा मोजते.” बहुतेक हसत आणि घासत. एक रागावल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मला म्हणाल्या, “मोजा मावशी.” कोणाची चूक काढण्याचा सूर न लावता मोजण्याचे काम आपण अंगावर घेतले की निभते, असा माझा अनुभव.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी झडपेऐवजी थ्री-वे लावतात. ती तीन तोंडांची तोटी. टोपण काढले की तोंड सताड उघडे, आणि टोपण बहुधा गादीवर. झडप त्याहून महाग पडते म्हणून ती टाळतात, हे मला समजते. बिल आपणच भरतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, आपल्याच देशातल्या अतिदक्षता विभागांत केलेल्या एका चाचणीत असे दिसले की मोठ्या शिरेतल्या नळीला थ्री-वे लावलेल्यांत हजार दिवसांमागे सहाहून अधिक वेळा रक्तात जंतू गेले. चिरेची झडप लावून, नळी धुण्यासाठी कारखान्यातूनच भरून आलेली सिरिंज वापरलेल्यांत ते प्रमाण दोनाच्या थोडे वर होते. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, तेव्हा सगळे श्रेय झडपेला देता येत नाही. तरीसुद्धा एकदा रक्तात जंतू गेल्यावर जे बिल येते ते आमच्या घराने पाहिले आहे, आणि त्यापुढे झडपेची किंमत काहीच नव्हती.

झडप रोज बदलावी असे मात्र नाही. उगाच वारंवार बदलली तर तेवढ्या वेळा नळी उघडी पडते. सर्वसाधारणपणे ९६ तासांच्या आत बदलू नये, आणि आत रक्त साचलेले दिसले, ती सुटून आली किंवा चिरली तर वाट न पाहता बदलावी. घरी असलेल्या नळीची झडप बहुधा आठवड्याच्या ड्रेसिंगच्या वेळीच बदलतात.

एक गोष्ट राहिली. तोंड सगळ्या नळ्यांचे सारखे असण्यात सोय आहे तसा घातही आहे. नाकातून पोटात घातलेल्या नळीचे दूध चुकून शिरेच्या नळीत गेल्याने माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवून दिले की शिरेच्या नळीचे तोंड लुअरचेच राहावे आणि पोटाच्या नळीला वेगळे, न जुळणारे तोंड असावे. नव्या तोंडाच्या नळ्या अजून सगळीकडे पोचलेल्या नाहीत. तेव्हा घरी दोन नळ्यांचा रोगी असेल तर रात्री झोपेत उठून काही जोडू नका. दिवा लावा आणि नळीवर हात फिरवत ती अंगात कोठे शिरते तेथपर्यंत जा.

काढलेल्या झडपा आणि नळ्या घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयात नळ्यांसाठी लाल पिशवी आणि सुयांसाठी पांढरा, न फुटणारा डबा असतो. वेगळ्या बांधून पुढच्या खेपेला तेथे नेऊन द्याव्यात. घरी मधुमेहाच्या सुया असतील तर त्याही घट्ट झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात. आणि कोणाला सुई टोचलीच, मग ती आपल्याला असो की कचऱ्यावाल्या ताईंना, तर बोट तोंडात घालू नये, पिळू नये, साबण-पाण्याने धुवावे आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. एड्स टाळण्याच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ब काविळीची लस घेतली आहे का, हेही आपल्या गल्लीत सफाईला येणाऱ्या बायकांना विचारायला हवे. चिटणीसबाईंनी हे काम मंडळाच्या यादीत घ्यावे अशी माझी सूचना आहे.

आता टेबलाकडे या. चिरलेली झडप आहे, एक अख्खी आहे, एक जुन्या पद्धतीची रबरी गाठ आहे. अख्ख्या झडपेला नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या लाल पाण्यात सोडले आहे. सिरिंज लावा, थोडे साधे पाणी सोडा, मग सिरिंज काढा आणि नळीच्या टोकाशी लाल रेघ किती वर चढते ते पाहा. चिमटा आधी लावून आणि मागून लावून, दोन्ही तऱ्हांनी करून पाहा. लाल रंग जिलबीचा आहे. साडीला लागू देऊ नका, निघत नाही.